टेस्टर पेटला नाही म्हणून हात घातला

वाचकाचं पत्र, थोडं कमी करून देतोय:

"काका नमस्कार. मी जिंतूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. आयटीआय इलेक्ट्रिशियन करून तीन वर्षं झाली, नोकरी लागली नाही म्हणून गावातच कामं करायलो. घराची वायरिंग, मोटारीचे स्टार्टर, लग्नसराईत मंडपाची लाईट, आणि आता सोलर पंपाची पण कामं यायलीत. मागच्या महिन्यात एका विहिरीवर स्टार्टर उघडला होता. दुपारचे अडीच वाजले होते, मालक म्हणले आपली पाळी रात्रीची आहे, आत्ता लाईट नाही. तरी मी टेस्टर लावून बघितला, पेटला नाही, मग पक्कडीनं वायर ओढली आणि असा झटका बसला की मागं फेकलो गेलो. विहिरीकडं पडलो असतो तर संपलंच होतं. आई तेव्हापासून म्हणायली हे काम सोड. मला सोडायचं नाही. माझ्याकडं सहा हजार रुपये साठलेत. मित्र म्हणतो ऑनलाईन नऊशेला बारा हत्यारांचा सेट मिळतो, त्यावर १००० वोल्ट लिहिलेलं आहे, आणि अडीचशेचा पिवळा मल्टिमीटर घे, झालं काम. घेऊ का? काय बघून घेऊ?"

लेकरा, आधी एक विचारतो. त्या झटक्यानंतर दवाखान्यात गेलास का? पत्रात कुठं दिसलं नाही. आपल्याकडं शॉक बसला की माणूस दोन मिनिटं बसतो, पाणी पितो आणि परत कामाला लागतो, पण करंट छातीतून गेला असेल तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, म्हणून असा फेकून देणारा झटका बसला तर त्याच दिवशी ईसीजी काढून घ्यायचाच. आता महिना झाला, तरी पण छातीत धडधड, चक्कर, हाताला मुंग्या असलं काही वाटत असेल तर हे वाचणं बाजूला ठेव आणि आधी दाखवून ये.

आता कामाचं. नऊशेचा सेट घेऊ नको, आणि अडीचशेचा पिवळा मीटर तर अजिबातच घेऊ नको. का ते सांगतोच, पण त्याच्या आधी तुला झटका का बसला ते बघू, कारण त्या दिवशी तुझ्या हातात जगातली सगळ्यात महाग पक्कड असती तरी तू जिवंत वायरच मेलेली समजून ओढली असती.

टेस्टरच्या आत एक मोठा रेझिस्टर असतो आणि एक बारका निऑन बल्ब. फेजमधून करंट टेस्टरमधे येतो, तुझ्या बोटातून तुझ्या अंगात जातो आणि अंगातून जमिनीत, तेव्हा कुठं तो बल्ब पेटतो. करंट एवढा बारीक असतो की तुला कळत नाही. म्हणजे त्या सर्किटमधली एक वायर तू स्वतः आहेस बघ. तू कोरड्या फळीवर उभा असशील, जाड रबरी चप्पल घातली असेल, तर बल्ब फिकट पेटतो, कधी दिसतच नाही. त्यात दुपारचे अडीच, परभणी जिल्ह्यातलं ऊन, त्या उन्हात निऑनचा नारिंगी ठिपका हातानं सावली केल्याशिवाय कुणाला दिसतो? पावसाळ्यात उलटं, आत ओल गेली तर रेझिस्टर करंट अडवतोय का नाही ह्याची खात्री राहत नाही, आणि तुझं बोट तर मागच्या पत्र्यावर असतं. आणखी एक, शेजारून चालू लाईन गेलेली असली तर बंद वायरवर पण टेस्टर पेटतो, आणि न्यूट्रल कुठं तुटली असेल तर तुटलेल्या ठिकाणापासून लोडकडची न्यूट्रल पण फेजसारखी पेटते, पोरं तिथं अर्धा दिवस डोकं खाजवत बसतात. टेस्टर पेटला तर काहीतरी आहे एवढं कळतं. नाही पेटला तर काहीही कळलेलं नसतं.

आणि दुसरी गोष्ट, मालक म्हणले लाईट नाही. हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलोय. शेतीची लाईट कधी दिवसा कधी रात्री, पाळी बदलते, मधेच फॉल्ट काढून लाईन चालू करून बघतात, आणि आपल्या शेतकऱ्यांनी स्टार्टरवर ऑटो बसवलेला असतो, म्हणजे लाईट आली की मोटार आपोआप चालू, रात्री दोनला उठून विहिरीवर जायला नको म्हणून. त्यांचं पण बरोबर आहे, अंधारात सापाचं भ्या असतंय. पण तुझ्यासाठी त्याचा अर्थ असा की तू स्टार्टरमधे हात घालून बसलेला असताना कोणत्याही सेकंदाला तिन्ही फेज येऊ शकतात. लाईट गेलेली असणं आणि तू स्वतः लाईन बंद केलेली असणं ह्यात जीव जाण्याएवढा फरक आहे. पहिल्याची चावी दुसऱ्याच्या हातात असते.

म्हणून विहिरीवर गेला की आधी ऑटो बंद. मग मेन स्विच खाली, तिन्ही किटकॅट, म्हणजे फ्यूजच्या चिनी मातीच्या वाट्या, काढून खिशात टाकायच्या, तिथंच पेटीवर ठेवायच्या नाहीत, कारण मागून पोरगं येतं आणि कुणी काढल्या म्हणून परत लावतं, हे झालेलं बघितलंय मी. सिंगल फेज मोटार असेल तर कपॅसिटरमधे चार्ज राहिलेला असतो, तो उतरवल्याशिवाय हात नको. आणि मेन स्विचच्या वरची बाजू, जिकडून लाईन येते ती, ती कायम चालूच आहे असं धरायचं, लाईट असो नसो. तिथं काम निघालं तर ते तुझं कामच नाही, महावितरणला कळवायचं, १९१२ नंबर आहे.

हे केल्यावर मोजायचं, आणि मोजायची पद्धत तीन टप्प्याची. आधी तुझं यंत्र चालू लाईनवर लावून ते दाखवतंय का बघ. मग तुझ्या कामाच्या जागी बघ, तिथं शून्य आलं पाहिजे. मग परत जाऊन चालू लाईनवर बघ की यंत्र मधल्या मधे मेलं तर नाही. तू म्हणशील काका, लाईटच गेलेली असताना चालू लाईन कुठून आणू. बरोबर आहे. घरच्या इन्व्हर्टरच्या सॉकेटवर निघताना तपासायचं, आल्यावर परत तपासायचं, किंवा ह्यासाठी बॅटरीवरची प्रूव्हिंग युनिट म्हणून छोटी डबी मिळते ती पुढंमागं घ्यायची. थ्री फेजला नुसतं एका फेजला लावून चालत नाही, फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, फेज-अर्थ तीन आणि न्यूट्रल-अर्थ एक, अशा दहा ठिकाणी बघायचं. दोन मिनिटं पण लागत नाहीत.

आता हे मोजायचं कशानं, तर माझं मत स्पष्ट आहे, तुझ्या सहा हजारातले अर्ध्याहून जास्त इथं जाऊ दे. पक्कड नंतर. लोक उलटं करतात, हत्यारं चकाचक आणि मीटर कचरा.

एक पर्याय म्हणजे दोन टोकांचा वोल्टेज टेस्टर. दोन प्रोब, म्हणजे हातात धरायची टोकदार दांडकी, असतात, मधे वायर, आणि एका प्रोबवर १२, २४, ५०, १२०, २३०, ४०० अशा दिव्यांची रांग. ह्यात करंट तुझ्या अंगातून जात नाही, दोन प्रोबच्या मधूनच जातो, आणि तो थोडा लोड घेतो म्हणून नुसत्या शेजारच्या वायरमुळं आलेलं खोटं वोल्टेज तो दाखवत नाही. डिजिटल मीटर मात्र दाखवतो, बंद वायरवर साठ-सत्तर वोल्ट दाखवतो आणि माणूस गोंधळतो. आयईसी ६१२४३-३ हे त्या टेस्टरचं आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड, चांगल्या टेस्टरवर ते छापलेलं असतं, आणि त्यातला सेल संपला तरी धोक्याचं वोल्टेज तो दाखवतोच. आपल्याकडं तालुक्याच्या दुकानात हा सहसा दिसत नाही, मागवावा लागतो. दुसरा पर्याय म्हणजे चांगला मल्टिमीटर, तो तुला तसाही लागणारच आहे, म्हणून एकच घ्यायचं असेल तर तो घे. आणि ते पेनासारखं बिनास्पर्शाचं टेस्टर येतं ना, लाल दिवा लागून पी-पी वाजणारं, ते भिंतीत वायर कुठून गेली असलं शोधायला बरं आहे, पण लाईन बंद आहे हे ठरवायला नाही. लोखंडी पाईपातली वायर त्याला कळत नाही, वरून पोलादी तारा गुंडाळलेल्या आर्मर्ड केबलमधली कळत नाही, डीसी कळत नाही, सेल उतरला की काहीच कळत नाही.

मीटर घेताना काय बघायचं? कॅट बघायचं. मीटरवर भोकांच्या शेजारी कॅट लिहून पुढं रोमन आकडा असतो, दोन, तीन नाहीतर चार, आणि त्याच्यापुढं वोल्ट. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणेल हजार वोल्टचा आहे, एकदम भारी. नुसत्या वोल्टवर जाऊ नको. कॅट म्हणजे जिथं मीटर लावायलास तिथं अचानक वोल्टेजचा तडाखा आला, वीज पडली, लाईनवर मोठी मोटार बंद झाली, डीपीवर म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर काही झालं, तर मीटर तो झेलून तुझ्या हातात शाबूत राहील का ह्याचं माप. डीपीच्या जितकं जवळ तितका त्या तडाख्यामागचा जोर जास्त, मधे लांब वायरिंग आली की जोर मरतो. म्हणून घरातल्या सॉकेटला लावलेला मिक्सर, टीव्ही हे कॅट दोन. घराचा मेन बोर्ड, एमसीबीची पेटी म्हणजे डीबी, पॅनल, पक्की बसवलेली मोटार हे कॅट तीन. पोलवरून आलेली सर्व्हिस वायर, मीटरपेटी, उघड्यावरून गेलेली लाईन हे कॅट चार. आता तुझं काम बघ, विहिरीवरचा स्टार्टर, पोलवरून थेट उघड्यावर आलेली लाईन, आणि मृगाच्या आधी आपल्याकडं विजा कशा पडतात ते तुला सांगायला नको. तुझं निम्मं काम चौथ्या कॅटमधलं आहे. म्हणून कॅट चार ६०० वोल्ट मिळाला तर तोच घे, नाहीच बसला पैशात तर कॅट तीन ६०० वोल्टच्या खाली उतरू नको, आणि मग तो मीटर घेऊन मीटरपेटीत घुसू नको.

कॅट दोन १००० वोल्ट आणि कॅट तीन ६०० वोल्ट, ह्यातला कोणता मजबूत? वोल्ट बघितले तर पहिला वाटतो ना? दोघांनाही टेस्ट करताना ६००० वोल्टचाच तडाखा देतात. पण कॅट दोनच्या टेस्टला मधे १२ ओहमचा अडथळा धरलेला असतो आणि कॅट तीनला फक्त २ ओहमचा. ओहमचा नियम लाव, पहिल्यात ५०० अँपियर, दुसऱ्यात ३००० अँपियर. सहापट. हा हिशोब मला फार उशिरा कळला, आयटीआयच्या पोरांना तो पहिल्या महिन्यात शिकवला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

उशिरा म्हणजे कसं ते पण सांगतो. मी एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो, तरणा होतो, स्वस्तातला मीटर खिशात. सकाळी कंट्रोल सर्किटचा करंट मोजला होता म्हणून लाल लीड, म्हणजे मीटरची प्रोबवाली वायर, दहा अँपियरच्या भोकात होती. चहा पिऊन आलो, मोठ्या पॅनलवर वोल्टेज बघायचं होतं, लीड बदलायची विसरलो आणि तशीच दोन फेजला लावली. अँपियरच्या भोकात मीटरचा रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, म्हणजे मी ४१५ वोल्टचा शॉर्ट माझ्या हातानं केला. त्या मीटरच्या दहा अँपियरच्या भोकाला फ्यूजच नव्हता. मोठा आवाज झाला, मीटरचं झाकण उडालं, प्रोबची टोकं वितळून गेली, भुवया जळाल्या, डाव्या मनगटावरचा डाग अजून आहे. तुझा मित्र म्हणतोय तो पिवळा मीटर उचल आणि त्या दहा अँपियरच्या भोकाखाली वाच, बहुतेकांवर इंग्रजीत 'अनफ्यूज्ड' असं छापलेलंच असतं. छापून देतात आणि आपण वाचत नाही.

चांगल्या मीटरमधे एचआरसी फ्यूज असतो, पांढऱ्या चिनी मातीच्या नळीचा, आत बारीक वाळू भरलेली, ठिणगी पेटली की ती वाळू तिला गिळते. काचेच्या नळीचा बारका २५० वोल्टचा फ्यूज असेल तर ४१५ वर तो फुटतो आणि ठिणगी चालूच राहते. दुकानात मागचं झाकण उघडून दाखवा म्हण, लाजू नको. तुझ्यासाठी तर मी म्हणेन ज्या मीटरला करंटचं भोकच नाही असा घे, वोल्टेज, ओहम, कंटिन्युइटी एवढंच असलेला, म्हणजे मी केलेली चूक करायला जागाच राहणार नाही. करंटसाठी पुढं पैसे आले की क्लॅम्प मीटर घे, वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा. पाच एचपीच्या थ्री फेज मोटारीला फेजमागं साधारण सात-साडेसात अँपियर दिसायला पाहिजेत, एका वेळी एकच वायर क्लॅम्पमधे घालायची, आणि सोलरवर मोजायचं असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प लागतो, साधा एसीचा तिथं काहीच दाखवत नाही. मीटर बनवणाऱ्या कंपन्या आपल्या नाशकात पण आहेत, परदेशीच पाहिजे असं काही नाही, पण कॅट आणि फ्यूज बघितल्याशिवाय नावावर जाऊ नको.

लीडकडं तर कुणी बघतच नाही. भारी मीटर आणि त्याला पन्नास रुपयाची लीड, मग सगळं पन्नास रुपयाचंच झालं. लीडवर पण कॅट छापलेलं असतं आणि दोघांपैकी जे कमी ते खरं धरायचं. टोकाचा उघडा धातू ४ मिलिमीटरपेक्षा जास्त नको, लांब उघडी टोकं स्टार्टरमधे दोन टर्मिनलला एकदम लागतात. बोट पुढं घसरू नये म्हणून प्रोबला कंगोरा पाहिजे. इन्सुलेशनला चीर पडली, मुळाशी तार दिसायला लागली की टेप मारायचा नाही, लीड फेकून द्यायची. मंडपात होल्डरला दोन वायरी लावून टेस्ट लॅम्प करतात, तू पण करत असशील. दोन फेजमधे लागला तर तो बल्ब हातात फुटतो. बंद कर ते.

आता हत्यारं. जी पक्कड तुझ्याकडं आहे, लाल किंवा पिवळ्या मुठीची, तिची मूठ हाताला चांगली पकड यावी म्हणून असते. दुकानदार तिला इन्सुलेटेड म्हणून विकतो, पण उन्हात ती स्लीव्ह सैल होते, सरकते, आत घाम जातो, आणि घामेजलेला हात म्हणजे करंटला मोकळा रस्ता. बरेच जण त्यावर टेप गुंडाळतात, सायकलची ट्यूब चढवतात, त्याला इन्सुलेशन समजू नको. खऱ्या इन्सुलेटेड हत्याराचं स्टँडर्ड आयईसी ६०९०० आहे. ते १००० वोल्ट एसी आणि १५०० वोल्ट डीसीपर्यंतच्या कामासाठी असतं आणि कारखान्यात प्रत्येक नग १०,००० वोल्टवर टेस्ट करूनच बाहेर पडतो, ढिगातला एखादा नाही, प्रत्येक. म्हणून ते महाग. हत्याराच्या अंगावरच, डब्यावर नाही, एकमेकांवर चढलेले दोन त्रिकोण, १००० वोल्ट, स्टँडर्डचा नंबर, बनवणाऱ्याचं नाव आणि बनवल्याचं वर्ष असतं. तुझ्या मित्राच्या बारा हत्यारांच्या सेटवर हे सगळं शोध. नुसतं १००० वोल्ट तर कुणी पण छापतो. नऊशेला बारा म्हणजे एक नग पंचाहत्तर रुपयाला पडला, त्यात १०,००० वोल्टची टेस्ट कुठून करणार?

हातात घेऊन पण कळतं. मुठीचं इन्सुलेशन धातूवर ओतून बसवल्यासारखं असतं, पिळून बघितलं तर जागचं हलत नाही. पक्कडीला जबड्याच्या जवळ उंच कंगोरा असतो, बोट धातूवर जाऊ नये म्हणून. पेचकसाची दांडी टोकापर्यंत झाकलेली असते, फक्त शेवटचं टोक उघडं, आणि ते लई महत्त्वाचं आहे, कारण साध्या पेचकसाची उघडी दांडी एका टर्मिनलवर काम करताना शेजारच्या फेजला नाहीतर पत्र्याच्या पेटीला टेकते आणि तिथंच भडका उडतो. काही कंपन्या दोन रंगाचे थर देतात, वरचा लाल, आतला पिवळा, पिवळं दिसायला लागलं की हत्यार बाद. तसलं मिळालं तर घे, डोळ्याला लगेच कळतं. तुला बारा हत्यारं लागतच नाहीत. एक पक्कड, एक चपटा पेचकस, एक चौफुलीचा, आणि पैसे उरले तर कटर.

ही हत्यारं साध्या हत्यारांच्या पिशवीत टाकू नको, पाईप पाना आणि छिन्नीच्या धारेनं इन्सुलेशन कापलं जातं, वेगळी कापडी गुंडाळी कर. पक्कडीनं खिळा ठोकायचा नाही. पेट्रोल-डिझेलनं पुसायची नाहीत, कोरडा फडका बस. दुपारभर गाडीच्या डिकीत भाजत ठेवायची नाहीत. कामाला काढताना दरवेळी एक नजर, चीर, फुगा, वितळलेलं काही दिसलं तर ते आता साधं हत्यार झालं, रंगाचा पट्टा मारून वेगळं ठेव. आणि एवढं सगळं असून पण ते चालू लाईनवर काम करायचं लायसन समजू नको. लाईन बंद करायची, मोजायची, आणि तरी आपण चुकलोच तर वाचवायला हे हत्यार. तुझ्या हातात चांदीचं कडं असेल, मनगटावर घड्याळ, बोटात अंगठी, ते पण काढून ठेवत जा, धातूच्या एका कड्यानं मनगट भाजून गेलेलं बघितलंय.

हातमोजे घ्यायचे असतील तर इलेक्ट्रिकलचेच, आयईसी ६०९०३ लिहिलेले. क्लास शून्य म्हणजे १००० वोल्टपर्यंत. दवाखान्याचे, भांडी घासायचे, वेल्डिंगचे कातडी, ह्यातला एकही करंट अडवायला नसतो. रबरी मोज्यावरून वर कातडी मोजा घालतात, तार टोचू नये म्हणून. वापरायच्या आधी मनगटाकडून गुंडाळत आत हवा कोंडायची, गालाजवळ धरायचा, फुस्स झालं तर बाद.

सोलरचं वेगळं सांगतो कारण तू त्यात नवीन आहेस. लोक म्हणतात सोलरला काय, पोलची लाईट थोडीच आहे. पॅनल सिरीजमधे लावले की शेकडो वोल्ट डीसी होतं, आणि जोवर ऊन आहे तोवर पॅनल बंद करायचं बटणच नाही. एसीचा करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून ठिणगी तुटते, डीसीची ठिणगी ताणत जाते. म्हणून लोड चालू असताना पॅनलचं कनेक्टर ओढायचं नाही, आधी कंट्रोलर बंद, मग डीसी आयसोलेटर, मग मीटर डीसीवर फिरवून मोजायचं. एसीवर ठेवून मोजलं तर चुकीचा आकडा येईल आणि तू पुन्हा टेस्टरसारखाच फसशील.

आणि एक विषय तू पत्रात काढला नाहीस पण गावातला इलेक्ट्रिशियन म्हटल्यावर तो येतोच. डीपी. फ्यूज उडाला, सोयाबीन सुकायला लागलं, चाळीस माणसं डीपीखाली उभी राहतात आणि म्हणतात चढ की लेका, दोन मिनिटाचं काम आहे. गावोगाव झिरो वायरमन असतात ते ह्याच्यातूनच तयार होतात. वरच्या बाजूला ११ केव्ही आहे, ११,००० वोल्ट. तुझी १००० वोल्टची पक्कड तिथं नसल्यासारखीच आहे, आणि त्या वोल्टेजला तर हात लागायची पण गरज नाही, जवळ गेलं तरी हवेतून उडी मारतं. एबी स्विच, म्हणजे डीपीची वरची लाईन तोडायचा पोलवरचा स्विच, खाली केला म्हणतात, पण त्याचं एक पातं अडकून राहिलेलं असतं आणि खालून कळत नाही. माझ्याबरोबर काम शिकलेला एक जण असाच लोकांच्या आग्रहानं चढला, उजवा हात कोपरापासून गेला. त्या दिवशी खाली उभी असलेली माणसं चांगली होती, त्याला दवाखान्यात पण त्यांनीच नेलं, वर्गणी काढली. हात नाही आला. तुला आग्रह करतील, चिडतील, भित्रा म्हणतील. म्हणू दे.

पैशाचं असं कर. आधी मीटर, बरोबर आलेल्या चांगल्या लीडसकट. मग एक पक्कड आणि दोन पेचकस. ह्यात सहा हजार संपतील बहुतेक. पुढच्या लग्नसराईनंतर हातमोजे आणि दोन टोकांचा टेस्टर, त्याच्यानंतर क्लॅम्प. इन्सुलेशन मोजायचा मेगर एवढ्यात विकत घेऊ नको, ५०० वोल्टचा लागतो, लागेल तेव्हा मोटार वाइंडिंगवाल्याकडून घेऊन ये. शक्यतो परभणी, नांदेड नाहीतर संभाजीनगरला मोठ्या इलेक्ट्रिकल दुकानात जाऊन हातात धरून घे, पक्कं बिल घे. ऑनलाईन घेतलंस तर डबा उघडून हत्याराच्या अंगावरचं छापलेलं वाच, नसेल तर त्याच दिवशी परत कर. आणि मंडपाच्या कामाला ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळला की लाईन तोडणारा स्विच, लावत जा, ओल्या गवतावर पोरं पळत असतात.

आईला हे पत्र वाचून दाखव. त्यांना काम सोड असं म्हणावं वाटतं कारण तू विहिरीवर एकटा असतोस आणि काय करतोस ते त्यांना दिसत नाही. म्हणून विहिरीवर एकटा जाऊ नको, शेतमालकाला नाहीतर एखाद्या पोराला सोबत ठेव आणि काम सुरू करायच्या आधी त्याला दाखव की मेन स्विच कुठं आहे, मला काही झालं तर मला हात लावायचा नाही, आधी तो खाली ओढायचा, नाही पोचला तर कोरड्या लाकडानं मला बाजूला ढकलायचं, मग १०८ लावायचा, श्वास नसेल तर छाती दाबत राहायचं, थांबायचं नाही.

आणि तो झटका बसलेला स्टार्टर, तिथं परत गेलास की सगळ्यात आधी ऑटो बंद करून मालकाला समजावून सांग, आणि मोटारीच्या बॉडीचं अर्थिंग बघ. आपल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत होतो, त्यात पाणी ओतायला सांग. नवीन पक्कड आली की फोटो पाठव, दोन त्रिकोण आणि वर्ष नीट दिसेल असा जवळून काढ.